एमआरआयच्या बोगद्यात शिरण्यापूर्वी

कंबरेच्या एमआरआयसाठी मी पहिल्यांदा टेबलावर झोपलो, तेव्हा आठव्या मिनिटाला ओरडून बाहेर आलो. केंद्र खाजगी होते, पैसे आगाऊ भरलेले होते आणि टेक्निशियनने मला उद्देशून एकूण तीनच वाक्ये उच्चारली होती: ‘कपडे बदला’, ‘झोपा’ आणि ‘हलू नका’. अडचण आल्यास दाबण्यासाठी रुग्णाच्या हातात एक रबरी फुगा द्यायचा असतो. तो त्याने दिला नव्हता आणि तसे काही असते हेच मला ठाऊक नसल्याने मी मागण्याचा प्रश्न नव्हता. बाहेर आल्यावर वर ‘लहान मुलेसुद्धा करून घेतात हो’ हेही ऐकून घ्यावे लागले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी तीच तपासणी मी २५ मिनिटे पडून राहून पूर्ण केली. यंत्र जवळजवळ तसेच होते आणि माझी भीतीही तेवढीच होती, पण टेबल आत सरकण्यापूर्वी जे ठरवून घ्यायचे असते, ते सगळे त्या दिवशी ठरलेले होते.

गोव्यात प्रथमच अशा तपासणीला जाणाऱ्यांसाठी, विशेषतः लिफ्टमध्ये किंवा दार लावलेल्या लहान खोलीत ज्यांचा जीव घुसमटतो त्यांच्यासाठी, ही माहिती क्रमाने देत आहे. औषधासंबंधीचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांनीच करायचा आहे.

आत काय असते

मोठ्या चुंबकाच्या आणि रेडिओलहरींच्या मदतीने शरीराच्या आतली चित्रे काढणारे एमआरआयचे यंत्र म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा असलेला, सुमारे दीड मीटर लांबीचा बोगदा. जुन्या रचनेच्या यंत्रात त्याचा व्यास ६० सेंटिमीटर असतो, तर रुंद तोंडाच्या नव्या यंत्रांत तो ७० सेंटिमीटर असतो. ऐकायला हा १० सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण नाकासमोरची मोकळी जागा त्यानेच ठरते आणि खांदे रुंद असलेल्या माणसाला तो चांगलाच जाणवतो. आत दिवा असतो, वारा खेळता ठेवणारा पंखा असतो आणि टेक्निशियनशी बोलण्यासाठी माइक व स्पीकर असतो. म्हणजे हवा कमी पडत नाही. कमी पडल्याचा भास मात्र होतो, आणि तो भास आहे हे आधी माहीत असलेले बरे.

आवाज मोठा असतो, १०० डेसिबलच्या वरही जातो. चुंबकाच्या आतील तारांच्या वेटोळ्यांतून वीजप्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद होतो, त्यामुळे ती वेटोळी थरथरतात आणि कधी हातोड्याचे घाव, कधी ड्रिल, कधी बिघडलेल्या गिरणीची घरघर असे वेगवेगळे आवाज निघतात. आवाज बदलला म्हणजे यंत्रात काही बिघाड झाला असे नाही. चित्रांची एक मालिका संपून दुसरी सुरू झाली, इतकाच त्याचा अर्थ असतो. बहुतेक मालिका दोन ते सहा मिनिटांच्या असतात आणि त्यांच्यामध्ये थोडी शांतता असते. अंग किंचित कोमट झाल्यासारखे वाटते, तेही रेडिओलहरींमुळे अपेक्षितच आहे. एखाद्याच जागी चटका बसल्यासारखे वाटले, तर मात्र ते अपेक्षित नाही आणि लगेच फुगा दाबून सांगायचे.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक शंका हमखास मनात येते: मी आत असताना वीज गेली तर? टेबल हाताने ओढूनही बाहेर काढता येते, आणि आपण बोगद्याच्या आत असलो तरी त्याला दार नसते, त्यामुळे अडकून पडण्याचा प्रश्न येत नाही.

तारीख घेतानाच बोलायचे

भीतीची गोष्ट टेबलावर झोपल्यावर सांगणे ही सर्वांत मोठी चूक आहे. तोपर्यंत बाहेर पाच जण रांगेत बसलेले असतात, टेक्निशियनचे डोळे घड्याळाकडे असतात आणि आपली अडचण त्याला खोळंबा वाटते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) काय किंवा मडगाव, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयांत काय, गर्दी असते हे आपण सगळे जाणतो. म्हणून ज्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, त्यांना तिथेच सांगावे आणि चिठ्ठीवर ‘बंदिस्त जागेची भीती’ अशी नोंद करून घ्यावी. क्लॉस्ट्रोफोबिया हा शब्द त्यांच्याकडे रोजचा आहे, तो उच्चारताना संकोच करण्याचे कारण नाही.

त्याच वेळी एक प्रश्न विचारावा: एमआरआयच हवा आहे, की सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफीने काम भागेल? सीटीचे यंत्र एखाद्या मोठ्या कड्यासारखे असते आणि प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांतच आटोपते, त्यामुळे तिथे घुसमट फारशी होत नाही. मात्र सीटीत क्ष-किरण वापरले जातात, एमआरआयमध्ये ते नसतात, आणि मज्जारज्जू, मेंदू, सांध्यातील कूर्चा यांसारख्या बाबतींत एमआरआयला अनेकदा पर्याय नसतो. निर्णय डॉक्टरांचा, पण प्रश्न विचारणे आपले काम.

मग केंद्रात फोन करून काही गोष्टी विचाराव्यात. यंत्राच्या तोंडाचा व्यास किती आहे? माझ्या तपासणीत डोके आधी आत जाणार की पाय? गुडघा किंवा घोटा असेल, तर साधारणपणे पाय आधी जातात आणि डोके बोगद्याच्या तोंडाशी किंवा बाहेरच राहते. कंबरेच्या तपासणीत अनेक ठिकाणी पाय आधी घालता येतात, पण ते मागितल्याशिवाय होईलच असे नाही. दुसऱ्या खेपेला मी ते मागितले आणि निम्मी लढाई तिथेच संपली. मेंदू आणि मानेच्या तपासणीत मात्र डोके मध्यभागी जाते आणि चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखे एक उपकरण बसवतात. तिथे त्या उपकरणावर आरसा आहे का हे विचारावे, कारण त्या आरशातून पायांकडची खोली दिसत राहते आणि जीव पुष्कळच हलका होतो. घरचे एक माणूस खोलीत थांबू शकेल का, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी परवानगी मिळते, पण त्या माणसाचीही धातूची तीच तपासणी होते आणि पेसमेकर बसवलेला नातेवाईक तिथे चालत नाही. आणि तपासणी अर्धवट सोडावी लागली तर पैशांचे काय होते, हेही आधीच विचारावे. मी विचारले नव्हते.

बाजूंनी मोकळे असलेले ‘ओपन एमआरआय’ असेही एक यंत्र असते. त्याचा चुंबक बहुधा कमी ताकदीचा असतो आणि चित्रे तितकी बारकाईने दिसतीलच असे नाही, म्हणून तो पर्याय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. नाहीतर तपासणी पुन्हा करावी लागते.

गोळीबद्दल. भीती फार असेल तर डॉक्टर तपासणीपूर्वी घेण्यासाठी मन शांत करणारी गोळी लिहून देऊ शकतात. ती शेजारणीच्या डब्यातली नसावी. घोरणे व झोपेत श्वास अडकणे, दमा, चालू असलेली इतर औषधे, आदल्या रात्रीचे मद्य, हे सगळे डॉक्टरांना खरे सांगावे. गोळी घेऊन स्कूटर चालवत येणे किंवा परत जाणे अजिबात करू नये. गोव्यात ‘दहा मिनिटांचा तर रस्ता’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचे ऐकू नये. शिरेतून गुंगीचे औषध द्यायचे असेल तर भूलतज्ज्ञ आणि श्वास-नाडीवर लक्ष ठेवणारी, चुंबकाजवळ चालणारी उपकरणे लागतात. त्याची सोय आधी ठरवावी लागते आणि उपाशी येण्याची सूचना असेल तर ती तंतोतंत पाळावी लागते.

घरचा सराव

आठवडाभर आधी रोज वीस मिनिटे जमिनीवर उताणे पडून, डोळ्यांवर घडी घातलेला पंचा ठेवून, न हलता राहण्याचा सराव करावा. दोन-तीन दिवसांनी हेच खाटेखाली किंवा जेवणाच्या टेबलाखाली करावे. एमआरआयच्या आवाजाच्या ध्वनिफिती इंटरनेटवर सहज मिळतात, त्या मोबाइलवर लावाव्यात. घरचे हसतील, हसू द्यावे.

श्वासाचा सराव याच वेळी करायचा. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि त्या लक्षणांनीच भीती आणखी वाढते. मनात चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. छाती फार फुगवू नये, कारण मोठ्या उसाशाने मान हलते आणि चित्र बिघडते. पोटाच्या तपासणीत ‘श्वास रोखा’ अशी सूचना मिळते, तिथे अर्थातच टेक्निशियनच्या तालावर चालायचे. भीतीची लाट सहसा १० मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप उतरू लागते. म्हणजे सगळी परीक्षा सुरुवातीच्याच मिनिटांची आहे.

मनाला त्या वेळात काहीतरी काम द्यावे लागते. ‘शांत राहा’ असे स्वतःला बजावण्याचा माझ्यावर काडीचाही परिणाम होत नाही. मी पणजीहून बसने फोंड्याला जातो: रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुढी. प्रत्येक थांब्यावर कोणी चढवायचे, कोणाला उतरवायचे, सुटे पैसे कोणाकडे नाहीत, हे सगळे बारकाईने पाहत गेले की फोंडा येईपर्यंत दोन मालिका उलटतात. ज्यांनी गावच्या जत्रेत कधी नाटकात काम केले आहे, त्यांना तर आपले जुने पाठांतर पुरून उरेल. आरती, पाढे, काहीही चालते, पण ते आधी ठरलेले असावे. आत गेल्यावर विषय शोधायला बसलो की सुचते ते नेमके नको असलेले.

त्या दिवशी

धातूची कोणतीही वस्तू अंगावर नको. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी, केसांतले आकडे, ब्लाउजचे हूक, पदराची पिन, जरीचे काठ, घड्याळ, कवळी, श्रवणयंत्र, एटीएम कार्ड, मोबाइल, सगळे बाहेर. जोडवी किंवा बांगडी घट्ट असेल तर साबण लावून आदल्या दिवशी घरीच काढावी. तिथे ऐनवेळी ओढाताण झाली की भीतीत लाजेची भर पडते. मंगळसूत्र उतरवणे काही जणींना जड जाते, हेही मी पाहिले आहे, म्हणून ते कोणाच्या हाती द्यायचे हे घरूनच ठरवून निघावे. औषधाच्या चिकटपट्ट्या आणि अंगावरचे गोंदण यांविषयी सांगावे.

पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट, पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील सळ्या व स्क्रू, गरोदरपण, हे प्रश्नावलीत असतेच. परंतु एक प्रश्न लोक हलक्याने घेतात. वास्कोच्या बाजूला जहाजबांधणीत किंवा खाणींच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी वेल्डिंग वा ग्राइंडिंग केले आहे, त्यांच्या डोळ्यात कधीकाळी लोखंडाचा कण गेला असेल, तर ते सांगणे अत्यावश्यक आहे. आधी डोळ्याचा एक्स-रे काढून मगच पुढे जातात. शिरेतून रंगद्रव्य द्यायचे असल्यास मूत्रपिंडाचा जुना आजार असल्यास तो सांगावा आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम तपासणाऱ्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट सोबत ठेवावा.

‘मशीन आत्ता बंद आहे, या आत’ असे कोणी म्हणाले तरी विश्वास ठेवू नये. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाकडे खेचला जाऊन मरण पावला. सोबत येणाऱ्यांनाही हे समजावून सांगावे.

टेबल सरकण्यापूर्वी तीन वचने

आडवे होण्याआधी, बसलेले असतानाच, टेक्निशियनशी डोळ्याला डोळा देऊन बोलावे. मराठीत बोलावे, कोकणीत बोलावे, ज्या भाषेत जीभ अडखळत नाही त्या भाषेत बोलावे. ‘म्हाका भंय दिसता’ एवढे म्हटले तरी गोव्यातल्या माणसाला पुरते. त्यानंतर तीन गोष्टी मागून घ्याव्यात.

पहिली, फुगा. तो हातात आला की एकदा दाबून, बाहेर घंटा वाजते हे पाहून घ्यावे. ही मागणी अवाजवी नाही. यंत्राच्या आवाजात ओरडणे ऐकू जाईल याची खात्री नसते.

दुसरी, बोलणे. ‘प्रत्येक मालिका सुरू होण्यापूर्वी ती किती मिनिटांची आहे आणि किती उरल्या आहेत, एवढे मला सांगाल का?’ याला टेक्निशियनचे फार तर दहा सेकंद जातात, पण आत पडलेल्या माणसाला ‘आणखी तीन मिनिटे’ हे शब्द दोरासारखे असतात.

तिसरी, क्रम. ‘मी मध्ये थांबायला सांगितले तर सर्वांत महत्त्वाची चित्रे निघालेली असावीत, म्हणून ती आधी घ्याल का?’ हे फारच थोड्या रुग्णांना सुचते. तपासणी अर्धवट राहिली तरी निघालेल्या चित्रांवरून रेडिओलॉजिस्ट काही सांगू शकतात आणि पुन्हा यायची वेळ कधीकधी टळते.

यानंतर कानात बोळे किंवा कानांवर हेडफोन, गुडघ्यांखाली उशी, थंडी वाजत असेल तर चादर. एसीची खोली गार असते आणि कुडकुडणारे शरीर स्थिर राहत नाही. हात एकमेकांत गुंफू नयेत, पायांची घडी घालू नये, कारण त्वचेला त्वचा टेकून तयार होणाऱ्या वेटोळ्यातून भाजण्याचा धोका असतो. मग डोळे मिटायचे, डोळ्यांवर रुमाल मागायचा, आणि हे सारे टेबल हलण्याआधी. आत गेल्यावर एकदा उघडून बघू, असा मोह होतो, पण नाकावर आलेले ते छत पाहिलेला पहिला क्षणच सर्वांत वाईट असतो. एकदा आत-बाहेर करून बघण्याची विनंतीही करता येते, चांगले टेक्निशियन ती मान्य करतात.

कर्मचारी नीट वागले नाहीत तर

दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एक तुसडेपणा, दुसरा निष्काळजीपणा. दिवसभर तेच काम करून कंटाळलेल्या माणसाचा तुटक बोल कानाआड करता येतो. परंतु फुगा न देणे, कानाला संरक्षण न देणे, धातूविषयी न विचारणे, कपडे बदलायला आडोसा न देणे, थांबा म्हटल्यावर न थांबणे, या गोष्टी सोसण्याच्या नाहीत. त्या घडत असतील तर झोपूच नये. आवाज न चढवता एवढेच म्हणावे: ‘फुगा आणि कानातले बोळे मिळाल्याशिवाय मी तपासणीला संमती देत नाही. रेडिओलॉजी विभागाच्या डॉक्टरांना बोलवा.’ संमती हा शब्द कामाला येतो. दिलेली संमती मधेच काढून घेण्याचाही रुग्णाला अधिकार आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क नमूद आहेत. माहिती, समजून-उमजून दिलेली संमती, प्रतिष्ठा व खाजगीपणा, तसेच पुरुष डॉक्टरांच्या तपासणीवेळी स्त्रीरुग्णासोबत दुसरी स्त्री असणे, हे त्यात येते. सनद हातात घेऊन भांडायला जाऊ नये, पण ती आहे हे ठाऊक असले की बोलताना आवाज कापत नाही.

घाबरून बाहेर यावे लागले तर थेट घरी निघू नये. पाच मिनिटे बसावे, पाणी प्यावे आणि विचारावे की किती चित्रे निघाली, राहिलेली आजच रांगेच्या शेवटी घेता येतील का. माझ्या पहिल्या खेपेला हे मला सुचले नाही, रागाच्या भरात मी चप्पल घालून चालता झालो आणि पैसे तर गेलेच, निघालेली चित्रेही मागायची राहिली.

तक्रार त्याच दिवशी लिहावी. तारीख, वेळ, पावतीचा क्रमांक, छातीवरच्या पट्टीवरील नाव, काय मागितले आणि काय उत्तर मिळाले, इतकेच, विशेषणे न वापरता. गोमेकॉसारख्या सरकारी रुग्णालयात अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. शिक्का नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच. खाजगी केंद्रात व्यवस्थापकाकडे ईमेलने पाठवावा. तिथे दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. सर्वांनाच मोफत सेवा देणारी सरकारी रुग्णालये त्यात येत नाहीत, म्हणून तिथला मार्ग अधीक्षकांचाच. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. कागदपत्रे अडवून ठेवली तर डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, हे अर्जातच लिहून टाकावे.

आणि चांगले वागलेल्या टेक्निशियनचे नाव अभिप्रायाच्या वहीत जरूर लिहावे. दुसऱ्या खेपेला माझ्याशी बोलत राहिलेल्या मुलीने शेवटी ‘झाले हं काका’ म्हटले, तेव्हा मी मनाने अजून म्हार्दोळलाच होतो.

उठताना घाई करू नये, आधी कुशीवर वळून मग बसावे, नाहीतर चक्कर येते. रिपोर्टसोबत चित्रांची सीडीही मागून घ्यावी. नंतर आपल्या फाइलच्या पहिल्याच पानावर पुढच्या वेळेसाठी नोंद करून ठेवावी. माझ्या फाइलवर ती अशी आहे: पाय आधी, रुमाल डोळ्यांवर टेबल हलण्यापूर्वी, फुगा दाबून पाहणे, उरलेली मिनिटे सांगायला सांगणे, सकाळची पहिली वेळ मागणे.